कुमुदच्या गोळ्यांची डबी

१४ जानेवारी, मंगळवार

पानिपतहून परत आलो. आमच्या नोएडाच्या मराठी मंडळाची बस यंदा वेळेवर सुटली, हीच मोठी बातमी. दरवर्षीसारखेच वाटेत मुरथलला पराठे, मग काला आंबच्या स्मारकाला फुलं वाहणं, परतताना तिळगूळ. आणि दरवर्षीसारखाच जाताना माइक माझ्या हातात. लढाईची हकीकत मी गेली बावीस वर्षं सांगतो आहे, हातात चिटोरंही न घेता. ऑफिसात मला 'चालतीबोलती रेकॉर्ड रूम' म्हणायचे ते काही उगाच नाही. अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त होईपर्यंत फाइलच्या नंबरासाठी मी रजिस्टर उघडलेलं कुणी पाहिलं नाही.

आज तोफखान्याच्या सरदाराचं नाव सांगताना मी जरा थांबलो. मुद्दामच, मुलांनी सांगावं म्हणून. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून कुमुद हळूच म्हणाली, "इब्राहिमखान." मला राग आला. भरल्या बसमध्ये बायकोनं नवऱ्याला प्रॉम्प्टिंग करायचं म्हणजे काय? नंतर दोघातिघांनी मला विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?"

बसमध्ये दीनानाथ होता. माझ्याच सेक्शनमधला, आता झाडपाल्याच्या औषधांची एजन्सी घेतली आहे त्यानं. स्मरणशक्तीसाठी हिरव्या कॅप्सूल आहेत म्हणाला. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा आणि गिंको नावाचं चीनकडचं झाड. "झाडपाल्याला कसला आलाय साइड इफेक्ट!" म्हणाला. मी म्हटलं, एक बाटली दे, घरात लागेल. "वहिनींसाठी का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

१७ जानेवारी, शुक्रवार

कुमुदचं खरंच काहीतरी बिघडलं आहे. सकाळी फिरून आलो तर स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन गॅस विझलेला, घरभर वास. ही अर्ध्या तासानं भाजी घेऊन आली आणि म्हणते, "अहो, मी तर तुमच्या आधीच बाहेर पडले होते." मी वाद घातला नाही. दूध काही आपल्या पायांनी गॅसवर चढत नाही.

काल म्हणाली, "हे तुम्ही मला परवाच सांगितलंत." मी काहीही सांगितलं नव्हतं. नागपूरला दादाचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी मला 'या, बसा, कोण आपण?' म्हणायचा. सख्खा भाऊ. तो विषय नको.

१९ जानेवारी, रविवार

आजपासून कुमुदला कॅप्सूल सुरू केली.

आमच्या घरात खातेवाटप ठरलेलं आहे: गृह आणि अर्थ तिच्याकडे, आरोग्य माझ्याकडे. २०१२ साली तिच्या हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हापासून तिला रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी एक गोळी लागते. जन्मभर. ती कमी पडली तर रक्ताची गाठ होते, जास्त झाली तर रक्तस्राव, म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. तिच्या साऱ्या गोळ्या मी दर रविवारी नाश्ता झाला की सात कप्प्यांच्या डबीत भरतो. तेरा वर्षांत एक रविवार चुकला नाही.

प्रत्येक कप्प्यात एकेक हिरवी कॅप्सूल टाकली. कुमुदला म्हटलं, "डिस्पेन्सरीतून नवीन व्हिटॅमिन दिलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"तिथल्याच."

तिनं कॅप्सूल बोटांत धरून उजेडात पाहिली. "बरं," म्हणाली.

खोटं बोललो खरं. पण बायकोला तोंडावर 'तुझी स्मृती चालली आहे' कसं सांगायचं? तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. बाटलीवर बारीक इंग्रजीत लिहिलं आहे की रक्त पातळ करणारी औषधं चालू असल्यास डॉक्टरांना विचारा. असं सगळ्यावरच लिहितात. आम्हीही प्रत्येक पत्राखाली दोन ओळी लिहायचोच, वाचत कोणी नसे.

३१ जानेवारी, शुक्रवार

महिन्याची औषधं आणायला आर. के. पुरमला गेलो. नोएडात राहायला येऊन आठ वर्षं झाली, पण आमचं औषधांचं कार्ड अजून तिथल्याच सरकारी डिस्पेन्सरीत आहे. बॉटनिकल गार्डन स्टेशनहून मेट्रो थेट जाते, बदलायला नको. उतरलो आणि पाय आमच्या जुन्या क्वार्टरकडे वळले. मुद्दामच गेलो, म्हटलं बघून यावं. तिथं पोचल्यावर किल्ली हातात होती. आतून एक मद्रासी बाई आल्या, "किससे मिलना है?" मी म्हटलं, "सॉरी, पहले हम रहते थे." त्या हसल्या. मग औषधं न घेताच परत आलो, कारण डिस्पेन्सरी तोवर बंद झाली होती. कुमुदला सांगितलं, आज गर्दी फार होती.

९ फेब्रुवारी, रविवार

गुण दिसतो आहे! तीन आठवड्यांत कुमुदमध्ये लक्षणीय सुधारणा. काल तिनं उत्तराच्या लग्नातल्या सगळ्या पंगतींचे पदार्थ सांगितले. गॅसची नोंदणी, विम्याची तारीख, सगळं तोंडपाठ. दीनानाथला फोन करून सांगितलं, तोही खूश झाला. दुसरी बाटली पाठवतो म्हणाला.

उत्तरा आली होती. आमची एकुलती एक मुलगी, इथेच सेक्टर बासष्टला एका चॅनेलमध्ये आहे. म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा चेकअप करून घ्या ना. रूटीन." मी म्हटलं, चेकअपची गरज मला नाही. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कुमुदच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधी रक्त तपासलं, हवं तेवढंच पातळ निघालं. डावाही पिकलेला आहे, तो महिनाभरानं. सध्या तिला समोरचा माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. काळा चष्मा लावून बसली आहे. स्वयंपाकाला मारुतीची बायको येईल, मारुती म्हणजे आमच्या सोसायटीचा इलेक्ट्रिशियन.

२३ फेब्रुवारी, रविवार

डबी भरली. या आठवड्यात डोळ्याच्या आणखी दोन गोळ्या आहेत, त्यामुळे कप्प्यांत दाटी झाली. अर्धी भरली असताना दीनानाथचा फोन आला, अर्धा तास बोलत होता. परत येऊन एकदा पहिल्यापासून नीट भरली. आतल्या खोलीतून कुमुद विचारत होती, "झाली का? मला एकदा दाखवता?"

"तुला काय दिसणार आहे?" मी म्हटलं. "दोनदा तपासली."

१ मार्च, शनिवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे.

परवा तिच्या दंडावर निळे डाग दिसले, मी म्हटलं कुठेतरी आपटली असशील. आज सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त, मग नाकातून. बर्फ लावला, नाक चिमटीत धरलं, पाऊण तास झाला तरी थांबेना. उत्तराला बोलावलं, गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. कुमुदच्या मांडीवरचा टॉवेल पूर्ण लाल झाला होता आणि ती मलाच म्हणत होती, "अहो, तुम्ही सीटचा पट्टा लावा."

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं सगळ्या गोळ्यांची नावं विचारली. मी घडाघडा सांगितली. मग तिनं पेन तसंच धरून विचारलं, "और कुछ? आयुर्वेदिक, होमियोपैथिक, कोई सप्लीमेंट?"

उत्तरा माझ्या बाजूला उभी होती. कुमुद डोळे मिटून पडली होती.

"नहीं," मी म्हणालो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तेव्हा मनात आलं. दिवसभर ती मूठ मिटून बसलो आहे. तिच्या नाकात पट्ट्या कोंबल्या आहेत, तोंडानं श्वास घेते आहे. रक्त जितकं पातळ असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त पातळ आहे. डॉक्टर म्हणतात, कारण समजत नाही. मला समजतं आहे आणि मी बाकावर बसून चहा पितो आहे. असा माणूस मी कधी झालो?

२ मार्च, रविवार

सांगितलं.

सकाळी कुमुद म्हणाली, डोकं दुखतंय. डॉक्टरीण लगेच वाकून तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहू लागली आणि तिचा चेहरा बदलला. डोक्यात रक्तस्राव झाला असेल तर? ती गेली तर 'नहीं' हा माझा शेवटचा शब्द ठरणार होता. मी डॉक्टरणीच्या मागे कॉरिडॉरमध्ये धावलो.

"मॅडम, मैंने एक दवा छुपाई है."

खिशातून बाटली काढून दिली. कालपासून खिशातच होती. तिनं लेबल वाचलं, फोटो काढला, वरिष्ठांना फोन लावला. मी वाट पाहत होतो ती ओरडण्याची. ती म्हणाली, "अच्छा किया, बता दिया. कल बताते तो और अच्छा होता, अंकल." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

स्कॅन लगेच झाला. डोकं साफ आहे, रक्त नाही.

दुपारी मोठे डॉक्टर आले. त्यांनी मला बसवून समजावलं, शाळेतल्या मुलाला समजावतात तसं. ब्राह्मीवर काही छोटे अभ्यास झालेत, महिनोन्महिने घेतल्यावर थोडा फायदा दिसतो, ते थोतांड म्हणणार नाहीत. गिंकोवर मोठा अभ्यास झाला, त्यानं विसरणं थांबलं नाही. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर गिंको म्हणजे जोखीमच. बाटलीत लेबलवर आहे तेवढंच असेल याचीही हमी नसते. "पेड़-पौधे से निकली चीज़ भी दवा ही होती है, साहब. असर करेगी तो उल्टा असर भी करेगी." मग थोडं थांबून म्हणाले, "लेकिन सिर्फ़ इससे हफ़्ते भर में इतना नहीं बढ़ता. कुछ और भी है."

उत्तरा तिथंच होती. "बाबा, आईला न सांगता? एक बार पूछ तो लेते," म्हणाली आणि खिडकीकडे गेली. लहानपणी रिपोर्ट कार्डावर मी सही करायला नकार दिला की अशीच जायची.

३ मार्च, सोमवार

ते 'कुछ और' सापडलं.

उत्तरा घरून डबी घेऊन आली. शनिवारचा कप्पा तसाच भरलेला होता. त्यात प्रत्येक गोळी दोनदा होती, रक्त पातळ करणारीसुद्धा. एक हवी, तिथे दोन. रविवारपासून शुक्रवारपर्यंत सहा दिवस तिनं दुप्पट गोळ्या घेतल्या. मी भरलेल्या.

मी म्हटलं, शक्यच नाही. उत्तरानं पाकिटं मोजली आणि माझ्यासमोर ठेवली. हिशेब चोख होता. दीनानाथच्या फोनआधी मी अर्धी नव्हे, पूर्ण डबी भरली असणार, आणि फोननंतर पुन्हा एकदा. मला आठवत नाही. फोन आठवतो, कॅप्सूलची नवी ऑफर आठवते. भरलेली डबी आठवत नाही.

डॉक्टर म्हणाले, मुख्य कारण दुप्पट गोळ्या, कॅप्सूलनं हातभार लावला असेल. म्हणजे दोन्हीकडून मीच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे आई माझ्या कानीकपाळी ओरडून गेली.

५ मार्च, बुधवार

नाकातल्या पट्ट्या काढल्या. कुमुद बसून पेज प्यायली. उत्तरा खाली औषधं आणायला गेली तेव्हा मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. व्हिटॅमिन नव्हतं, मी खोटं बोललो, गोळ्याही मीच दुप्पट भरल्या.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"उत्तरा बोलली?"

"नाही हो. आधीपासून." मग ती माझ्याकडे न बघता बोलत राहिली. बघून तरी काय, तिला दिसत नव्हतंच. "गेलं दीड वर्ष दर रविवारी तुम्ही आंघोळीला गेलात की मी डबी परत लावते. कधी एक कमी असायची, कधी दोन जास्त. एकदा तुमच्या बीपीच्या गोळ्या होत्या माझ्या डबीत. या वेळी मला दिसत नव्हतं, म्हणून म्हटलं होतं, एकदा दाखवा."

"आणि हिरव्या कॅप्सूल?"

"त्या मी घेतल्याच नाहीत. पहिल्या पाच आठवड्यांच्या सगळ्या बरणीत आहेत, डाळींच्या मागे. हाच एक आठवडा हाताला लागल्या तशा गिळल्या."

म्हणजे मी दीनानाथला फोन करून जी 'लक्षणीय सुधारणा' कळवली, ती कॅप्सूल न घेता झालेली होती. तिची स्मृती पहिल्यापासून लख्ख होती. दुधाचं पातेलं मीच ठेवून फिरायला गेलो होतो, हेही तिनं सांगितलं, अगदी सहज.

"मग मला का नाही बोललीस, कुमुद? जीव गेला असता तुझा."

"काय बोलणार?" ती म्हणाली. "चष्मा लावून, पेपर पसरून, किती ऐटीत भरायचात ती डबी. निवृत्त झाल्यापासून तेवढं एकच खातं उरलं होतं तुमच्याकडे. ते पण काढून घेऊ?"

मला रडू आलं. वॉर्डात सगळ्यांदेखत. शेजारच्या खाटेवरच्या सरदारजींनी तोंड भिंतीकडे केलं.

८ मार्च, शनिवार

कुमुद घरी आली.

डाळींच्या मागची बरणी पाहिली. मोजल्या नाहीत.

दीनानाथला फोन केला, म्हटलं ही बाटली कुणाला देताना निदान विचारत जा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. तो हादरला. "अरे, मी स्वतः घेतो, माझ्या आईला देतो," म्हणाला. तो लबाड नाही. त्यानं मला विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं?

९ मार्च, रविवार

उत्तरानं डबी भरली. मी पेपर वाचत होतो. एकच बातमी चारदा वाचली.

२० मार्च, गुरुवार

दिल्लीत मेमरी क्लिनिकला जाऊन आलो. अपॉइंटमेंट माझ्या नावाची. उत्तराला सुट्टी नव्हती, आम्ही दोघंच मेट्रोनं गेलो. कुमुदला उजव्या डोळ्यानं आता छान दिसतं, पाट्या तीच वाचत होती.

डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि गप्पा मारून पाच मिनिटांनी परत विचारले. मला तीन आठवले. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, सव्वाअकराचं. काढलं, पण काट्यांपाशी फार वेळ गेला. शंभरातून सात-सात वजा करत जाताना मी घामाघूम झालो. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, बी-बारा, थायरॉइड, आणि एक स्कॅन. कधीकधी साध्या कमतरतेनंही असं होतं, म्हणाले. कधीकधी नाही, हे ते बोलले नाहीत.

मग कुमुदला विचारलं, "आपको कब से लग रहा है?"

"डेढ़ साल से," ती म्हणाली.

"और आपको, सर?"

मला वाटलंच नाही, असं म्हणायला जीभ उचलली होती. तिचा हात माझ्या हातात होता. हॉस्पिटलातल्या त्या बाकावर बसल्यासारखं पुन्हा बसायचं नव्हतं.

"उससे पहले से," मी म्हणालो. "दो साल हो गए होंगे."

आणि मग डॉक्टरांना सगळं सांगितलं, जे मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. दादा गेल्यापासून मला माझीच भीती वाटत होती. बसमध्ये ते नाव मला आठवलं नव्हतं. बाटली मी स्वतःसाठी मागितली होती. दीनानाथनं 'वहिनींसाठी का' विचारलं आणि मी हो म्हणून मोकळा झालो. त्यानंतर ते 'हो' खरं ठरवण्यासाठी तिच्या चुका शोधत बसलो. पहिल्या आणि नंतर आलेल्या दुसऱ्या बाटलीतल्या रोज दोन-दोन कॅप्सूल मी स्वतः चोरून घेत होतो, बाथरूममध्ये. फरक काहीच पडला नाही.

डॉक्टरांनी शांतपणे लिहून घेतलं. "अभी बंद कर दीजिए," म्हणाले.

परतीला मेट्रोचा डबा रिकामाच होता. कुमुद म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला कळत नाही. कळलं तर तुम्ही कोसळाल, म्हणून मी दीड वर्ष झाकत राहिले. उत्तरापासूनसुद्धा."

मी तपासण्यांच्या कागदाची आणखी एक घडी घातली.

"तुम्हाला कळत होतं?" तिनं विचारलं. "आणि तरी तुम्ही मला विसरभोळी ठरवलंत?"

मी हो म्हणालो. तिनं माझा हात सोडला, पदर सारखा केला आणि घर येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली.